वगळलेले तास

निवृत्तीनंतर चार वर्षांनी कमांडर हेमांगी धुरीला आरवलीच्या कातळी सड्यावरच्या हवाई तळावर परत बोलावणं आलं, ते इतिहास लिहिण्यासाठी. तिचं पथक विसर्जित होणार होतं. दिवाळीनंतर समारंभ करायचा, ध्वज उतरवायचा आणि पाहुण्यांच्या हाती पथकाचा छापील इतिहास द्यायचा, असं ठरलं होतं. "तुझ्याइतकं पथकात कोणीच राहिलेलं नाही, तूच लिही," असं जुन्या सोबत्यांनी सांगितलं आणि तिनेही आनंदाने हो म्हटलं.

'समुद्रगुप्त' या विमानवाहू युद्धनौकेवरून उडणारं हे हवाई पूर्वसूचना पथक. कागदावर त्याचं नाव म्हणजे नुसता एक आकडा होता. बोलताना सगळे टिटवी पथक म्हणत. टिटवी जशी माणूस जवळ यायच्या आधीच ओरडून रान जागं करते, तसंच यांचं काम. सुरुवातीला पोटाखाली रडार लोंबकळणारी हेलिकॉप्टरं होती. मग पाठीवर परातीएवढी नव्हे, चांगली खोलीएवढी तबकडी घेऊन उडणारी विमानं आली. तीन वादळांत या पथकाने जहाजं वाचवली होती. एकदा चाच्यांनी पळवलेलं तेलवाहू जहाज आफ्रिकेच्या वाटेवर शोधून काढलं होतं.

लोकांना वाटतं, जहाजावर एवढं मोठं रडार असताना विमान कशाला? कारण पृथ्वी गोल आहे. डोलकाठीवरच्या रडारला पाण्यालगतची वस्तू पंचवीस-तीस किलोमीटरच्या पलीकडे दिसतच नाही, ती क्षितिजाच्या आड जाते. तेच रडार आठ किलोमीटर उंच नेलं की क्षितिज साडेतीनशे किलोमीटरवर सरकतं. पण उंचावरून खाली बघायचं, तर खालचा समुद्रही दिसतो. प्रत्येक लाट थोडासा प्रतिध्वनी परत धाडते आणि पडदा खसखस सांडल्यासारखा ठिपक्यांनी भरून जातो. त्या खसखशीतून खरा ठिपका वेचणारा माणूस म्हणजे निरीक्षक. हेमांगी निरीक्षक होती. तिने अठरा वर्षं हेच केलं होतं.

आता ते काम यंत्र करणार होतं. नभांकुर सिस्टिम्स नावाच्या कंपनीने 'अंबरनेत्र' तयार केलं होतं. विनामाणसाचं विमान, वर तीच तबकडी आणि आत शिकवलेला मेंदू. शिकवलं कोणी? पथकानेच. गेली वीस-बावीस वर्षं प्रत्येक निरीक्षकाच्या पडद्यावर एक बारीक कॅमेरा असे. नजर कुठे गेली, कुठे थांबली, बोटाने कुठल्या ठिपक्यावर खूण केली, कुठला सोडून दिला, हे सगळं रडारच्या चित्रासोबत साठवलं जाई. त्या हजारो तासांच्या नजरा यंत्राला दाखवल्या आणि यंत्र माणसासारखं बघायला शिकलं. चाचणीत ते अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर ठरलं. समारंभाच्या दिवशी त्याची पहिली मोठी कामगिरी होती. समुद्रातलं एक क्षेत्र रिकामं असल्याची खात्री त्याने एकट्याने द्यायची आणि त्यावर भरवसा ठेवून 'समुद्रगुप्त'ने तिथे क्षेपणास्त्र सोडायचं.

त्या कंपनीचा सल्लागार संचालक होता कॅप्टन सुधन्वा राजवाडे. पूर्वीचा पथकप्रमुख आणि हेमांगीचा नवरा.

*

पुस्तक कंपनीच्या खर्चाने छापलं जाणार होतं, म्हणून मसुदा आधी तिकडे गेला. रविवारी शिरोड्याच्या घरी जेवताना सुधन्वाने विषय काढला.

"छान लिहिलंयस. फक्त सहावं प्रकरण काढू या."

"विशाखाचं?"

"हं. समारंभाचं पुस्तक आहे, हेमा. त्यात पथकातली सगळ्यात वादग्रस्त निरीक्षक कशाला?"

लेफ्टनंट कमांडर विशाखा इंगोले. वाशिमची. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. पण पडद्यासमोर बसली की तिची मान हलत नसे. चाचणीच्या गोळीबाराआधी क्षेत्र तपासायला ती उडाली की हमखास म्हणायची, "खाली होडी आहे." गोळीबार थांबायचा. जवळचं जहाज तिकडे धाडलं जायचं. ते दोन-दोन तासांनी पोचायचं, त्याला काही सापडायचं नाही आणि नोंद व्हायची: खोटा इशारा. एकदा तर दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसमोर गोळीबार रद्द झाला. खोट्या इशाऱ्यांचा आकडा चाळिशी ओलांडून गेला, तेव्हा पथकप्रमुखाने तिचं उड्डाण बंद केलं. तो पथकप्रमुख सुधन्वाच होता. तिला भांडारात बसवलं. वर्षभराने तिने राजीनामा दिला आणि ती वाशिमला गेली. त्याला आता पंधरा वर्षं होत आली होती.

"वादग्रस्त असेल, पण पथकातच होती ना ती?" हेमांगी म्हणाली. "तिची नजर तुमच्या यंत्रातसुद्धा असेल."

"नाही, नाही." सुधन्वाने आमटी वाढून घेतली. "ते आम्ही नीट बघितलं. ज्यांचे खोटे इशारे ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त, त्यांचे तास वगळले. एकूण नऊ जण. तेवढे काढल्यावर यंत्राची अचूकता एकदम वर गेली."

तो हे लपवत नव्हता. उलट त्याला त्याचा अभिमान होता. हेमांगीचा हात ताटातच थांबला.

"सुधन्वा, मी एकदा तिच्या शेजारच्या पडद्यावर होते. तिने होडी सांगितली, मला दिसत नव्हती. वैमानिकाला विनवून आम्ही खाली गेलो. तिथे होडी होती. इंजिन बंद पडलेलं, पाच माणसं अंगातले शर्ट काढून हलवत होती. मी उतरल्यावर तुला सांगितलं होतं."

"आठवतंय. पण जहाज गेलं तेव्हा काही नव्हतं."

"दोन तासांनी! प्रवाहाने वाहून गेली असेल ती. दुसरी बोट येऊन ओढून घेऊन गेली असेल. जहाजाला दिसली नाही म्हणजे नव्हतीच?"

"नियम तसा होता. खात्री जहाजाने करायची."

"आणि तुमचं यंत्र कशावरून तपासलंत? त्याच नोंदींवरून?"

"मग आणखी कशावरून तपासणार?"

"म्हणजे ते नोंदींशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळतं. समुद्राशी किती जुळतं, ते कोणाला माहीत आहे?"

सुधन्वा हसला. वीस वर्षांच्या संसारात तिला त्या हसण्याचा कधी राग आला नव्हता, तो त्या दुपारी आला. "जेव," तो म्हणाला. "गार होतंय."

ती ताटावरून उठली.

*

विशाखा वाशिमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होती. फोनवर तिने आधी साफ नाही म्हटलं.

"कायले येऊ मी तिथं? पुस्तकात माझं नाव हवंय, अशी हौस नाही उरली मला."

"पुस्तक मरू दे. यंत्राला तुझे तास दाखवलेच नाहीत, विशाखा. तुझ्यासारख्या आठ जणांचेही नाहीत. होड्या ओळखणारे तेवढे वेचून बाहेर काढलेत. आणि समारंभाच्या दिवशी ते यंत्र सांगणार, समुद्र रिकामा आहे म्हणून."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग विशाखा म्हणाली, "सुट्टी टाकते."

ती आली तेव्हा केस पांढरे झालेले, अंगाने आणखी वाळलेली, पण मान तशीच ताठ. हेमांगीच्या व्हरांड्यात चहा घेताना तिने पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं, की ती काय बघायची. पूर्वी कोणी विचारलंच नव्हतं.

"लाकडाची नाहीतर फायबरची होडी. लोखंड नाही, उंची नाही. तिचा ठिपका लाटेपेक्षा मोठा नसतोच. झगझगीत ठिपका शोधणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. पण लाटा वाऱ्यासोबत चालतात, हेमांगी. इंजिन बंद पडलेली होडी पाण्याच्या प्रवाहासोबत चालते. वारा एकीकडे, प्रवाह दुसरीकडे. म्हणून मी एकाच जागी बघत बसायची, सात-आठ मिनिटं. शंभर ठिपके उगवायचे, विझायचे, सगळे एका दिशेला सरकायचे. त्यात एखादा विझायचा, परत यायचा आणि उलट्या बाजूला सरकलेला असायचा. ती होडी."

"आणि गुण मिळायचे ते झटपट निर्णयाला."

"हो ना. माझ्या शेऱ्यात लिहिलं होतं, निर्णयात दिरंगाई." तिने कप खाली ठेवला. "यंत्र कोणाकडून शिकलं मग? ज्यांनी चार सेकंदांत पडदा साफ म्हटला, त्यांच्याकडून. त्यांना शाबासकी, मला भांडार. आणि आता तर आमची नजरच नव्हती म्हणतात. मी चुकली असती तर मला काही वाटलं नसतं. पण होडी होती, हे त्या लोकांपैकी एकानेही एकदा खाली वाकून बघितलं नाही!"

तिचा आवाज चढला, तशी शेजारची बाई दगडी गडग्यावरून डोकावली. हेमांगीला बरं वाटलं. इतक्या वर्षांत विशाखाला चिडलेलं तिने प्रथमच पाहिलं होतं.

*

अंबरनेत्राच्या रोज सकाळी सरावाच्या फेऱ्या चालू होत्या. मासेमारीला मोकळ्या असलेल्या पट्ट्यावरूनच ते जाई. हेमांगीने तळाला कळवलं, की इतिहासासाठी आपण समुद्रात जातोय, आणि वेळागरच्या बाबल खोबरेकरांची होडी ठरवली. साठीचे बाबल, त्यांची फायबरची होडी, दोन निवृत्त अधिकारी बायका आणि नारळाच्या पाण्याची बाटली. किनारा पुसट झाला तेव्हा हेमांगीने इंजिन बंद करायला सांगितलं.

"इंजिन बंद कशाक?" बाबलनी विचारलं.

"काका, वर एक विमान फिरतंय. त्याला आपण दिसतो का, बघायचंय."

वर नजर टाकून बाबलनी इंजिन बंद केलं. विमान दिसत नव्हतं. होडी डुलायला लागली, आणि विशाखाने काठाला घट्ट धरून डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच ती मच्छीमारांच्या होडीत बसली होती. इतकी वर्षं आठ किलोमीटर उंचीवरून जिच्यासाठी ती भांडली, ती वस्तू एवढी अरुंद आणि एवढी हलती असते, हे तिला ठाऊक नव्हतं. ती दोनदा ओकली. तोंड धुऊन म्हणाली, "एवढ्याशा होडीत बसून हे लोक इतक्या लांब येतात?"

"मासो जाता थंय जावचा लागता, बाय," बाबल म्हणाले. गोळीबाराची सूचना आली तर कोणी मुद्दाम त्या बाजूला जात नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण इंजिन दगा देतं, जाळं अडकतं आणि पाणी नेईल तिकडे जावं लागतं. मोबाइल तिथे लागत नाही.

दीड-दोन तास त्या तशाच तरंगत राहिल्या. हेमांगीच्या मनगटावरच्या घड्याळात होडीची वाट नोंदली जात होती. परतताना बाबलनी एकदाच विचारलं, "आमी हंय आसव, आणि तेंका दिसणव नाय?"

हेमांगीने घड्याळातली नोंद बंद केली. पुढचा सगळा वेळ ते शब्द तिच्या डोक्यात घण घालत राहिले.

*

तळावर कंपनीने एक दर्शनकक्ष उभारला होता. त्यात भिंतभर पडदा, समोर खुर्च्या, आणि कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलेला निरीक्षकाचा जुना पडदा, चालू स्थितीतला. समारंभाची पाहणी करायला रिअर ॲडमिरल देबाशिष सान्याल आले होते. सुधन्वा त्यांना सगळं समजावत होता. हेमांगी विशाखाला घेऊन आत शिरली आणि तिने सान्यालांना सलाम करून विनंती केली, की कालच्या फेरीचं चित्र दाखवावं.

सुधन्वाने विशाखाकडे पाहिलं. "कशी आहेस?" एवढंच तो म्हणाला. तिने मान हलवली.

चित्र लागलं. स्वच्छ निळा समुद्र, एक मालवाहू जहाज, दोन लोखंडी ट्रॉलर. खाली अक्षरं: क्षेत्रात अन्य काही नाही. हेमांगीने आपल्या घड्याळातली वाट त्यावर चढवली. लाल रेघ मोकळ्या निळ्यात वळवळत गेली.

"सर, या रेघेवर काल आम्ही होतो. मी, लेफ्टनंट कमांडर इंगोले आणि एक मच्छीमार. यंत्र म्हणतं, तिथे कोणी नव्हतं."

"एक होडी, एक सकाळ," सुधन्वा लगेच म्हणाला. "फायबरची, इंजिन बंद. अशी वस्तू कुठल्याही रडारवर दिसणं भौतिकदृष्ट्या जवळजवळ अशक्य आहे, सर."

"मला दिसायची," विशाखा म्हणाली.

"तुला वाटायचं, दिसते."

विशाखाचा चेहरा लाल झाला. ती सान्यालांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, आत्ता विमान वर आहे ना? त्याचं कच्चं चित्र, न गाळलेलं, त्या जुन्या पडद्यावर द्या. आणि बाहेर एक हेलिकॉप्टर उभं आहे, ते तयार ठेवा. मी बोट दाखवेन तिथे ते लगेच गेलं पाहिजे. पूर्वी मी हेच मागत होते. तेव्हा मला सांगायचे, हेलिकॉप्टरचा तास महाग आहे, जहाज पाठवतो."

सान्याल गोंधळले, पण त्यांनी हुकूम दिला. विशाखा जुन्या खुर्चीत बसली. पडदा खसखशीने भरला. ती बघत राहिली. कंपनीचे दोघे घड्याळाकडे पाहायला लागले, एकाने जांभई दाबली. तिने काही केलं नाही. मान हलली नाही. मग तिचं बोट पुढे आलं आणि एका जागी टेकलं. बाकीच्यांना तिथे इतर ठिपक्यांसारखाच एक ठिपका दिसला, तोही लगेच विझला.

"इथे. दक्षिणेकडे वाहतेय."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या जागी निळा समुद्र होता.

हेलिकॉप्टर उडालं. कक्षात सगळे उभे होते, कोणी बसलं नाही. सुधन्वा खिडकीशी गेला. शेवटी वैमानिकाचा आवाज आला, खरखरत. खाली होडी आहे, दोन माणसं आहेत, हात हलवतायत, बहुतेक इंजिन बंद पडलंय.

विशाखाने चेहरा ओंजळीत झाकला. हेमांगी मात्र नवऱ्याकडे वळली, आणि तिने आवाज खाली ठेवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"चाळीसहून जास्त वेळा, सुधन्वा! चाळीसहून जास्त वेळा ती सांगत होती, खाली माणसं आहेत. तुम्ही एकदाही वेळेवर बघायला गेला नाहीत आणि तिलाच खोटं ठरवलंत. बरं, ठरवलंत तर ठरवलंत, तिचं आयुष्य गेलं, संपलं. पण तुम्ही तेच खोटं यंत्राला शिकवलंत! आता ते थकणार नाही, शंका घेणार नाही, कोणाला विनवणारही नाही. रोज सांगेल, समुद्र रिकामा आहे. आणि त्यावर तुम्ही क्षेपणास्त्र सोडणार!"

"हेमा, ही जागा नाही..."

"हीच जागा आहे!"

सान्यालांनी हात वर केला. गोळीबार तिथल्या तिथे पुढे ढकलला गेला. त्या दोघा मच्छीमारांना ओढून आणायला बोट निघाली.

*

आपण जिंकलो, असं हेमांगीला त्या दिवशी वाटलं होतं. आठवडाभरात कंपनीचा प्रस्ताव आला. वगळलेल्या नऊ जणांचे तास यंत्राला शिकवायचे, हे त्यांना मान्य होतं. पण नव्या कायद्यानुसार माणसाच्या नजरेची नोंद ही त्याच्या मालकीची असते, आणि नोकरी सोडलेल्यांची संमती पुन्हा घ्यावी लागते. कंपनी त्यासाठी चांगला मोबदला द्यायला तयार होती. जुन्या नोंदींतला 'खोटा इशारा' हा शेरा मात्र बदलता येणार नव्हता. तो बदलला असता तर जुन्या चाचणीचे निकालही खोटे ठरले असते. पुस्तकातही याचा उल्लेख नको होता.

हा प्रस्ताव घेऊन सुधन्वाच आला होता. व्हरांड्यात तिघं बसली.

"म्हणजे तिची नजर चालते, तिचं नाव चालत नाही," हेमांगी म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"मी भांडलो त्यांच्याशी. एवढंच मिळतंय."

"अजिबात सही करू नकोस, विशाखा. आधी शेरा काढा म्हणावं. गरज त्यांना आहे."

विशाखाने प्रस्तावाचे कागद ओढून घेऊन शेवटपर्यंत वाचले. मग तिने सुधन्वाला विचारलं, "आज संमती दिली तर यंत्र कधी शिकून तयार होईल?"

"पावसाळ्याआधी."

"आणि तोवर ते उडत राहणार?"

"उडेल. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर गोळीबार नाही. निदान आत्ता तरी तसा हुकूम आहे."

"हुकूम बदलतात. मी पाहिलंय." ती हेमांगीकडे वळली. "अट घालून वर्षभर घासाघीस करत बसलो आणि मधल्या काळात कोणी मेलं, तर? मी देते संमती. पैसे नकोत. बाकीच्या आठ जणांशीही मी बोलते."

"फुकट? यांना?" हेमांगी ताडकन उठली. "इतकं सगळं करून यांना फुकट?"

"तू चिड ना. तुझा राग मला बरा वाटतो. माझ्यासाठी असं कोणी चिडलं नव्हतं." विशाखाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "पण होडीत बसून आल्यापासून मला झोप नाही, हेमांगी. ते पाणी लई जवळ असतं."

सुधन्वा काही बोलायला गेला, पण हेमांगीने त्याला थांबवलं. "तू जा आता," ती म्हणाली. तो गेला.

*

समारंभ ठरल्या दिवशी झाला. पुस्तक छापून आलं, त्यात सहावं प्रकरण नव्हतं. हेमांगीने मुखपृष्ठावरून आपलं नाव काढून घेतलं होतं. तरी पथकाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव राहिलं होतं, ते कोणाच्या ध्यानात आलं नसावं.

ती माइकसमोर उभी राहिली. हेलिकॉप्टरं, तबकडीची विमानं, वादळं, चाचे, हे तिने पटापट सांगितलं. मग ती म्हणाली, "या पथकात नऊ निरीक्षक असे होते, की ज्यांना लहान होड्या दिसायच्या. त्यांना शिक्षा झाली. त्यांची नावं पुस्तकात नाहीत, म्हणून मी सांगते."

तिसऱ्या नावाला माइक बंद झाला. हेमांगीने छाती भरून श्वास घेतला, आणि उघड्या धावपट्टीवर विमानाच्या घरघरीत हुकूम देताना वापरायची त्या आवाजात तिने उरलेली सहा नावं सांगितली. शेवटचं विशाखा इंगोलेचं. "यांच्यामुळे किती माणसं जिवंत घरी गेली, याचा आकडा आपल्याकडे नाही. कारण आपण तो कधी मोजलाच नाही. खोटे इशारे मात्र मोजले. ही आपल्या पथकाच्या इतिहासातली शरमेची गोष्ट आहे आणि ती इतिहासात राहिलीच पाहिजे."

मागच्या रांगांतले जुने निरीक्षक उभे राहिले. काही बसूनच राहिले. सान्याल समोर बघत होते. सुधन्वा पहिल्या रांगेत होता, तो उठला नाही. ध्वज उतरला.

त्यानंतर तो पुण्याच्या घरी राहायला गेला. भांडण असं झालं नाही. हेमांगीने त्याच्या बॅगा भरायला मदत केली, औषधं वेगळ्या पिशवीत घातली. फक्त त्याने "मी काय करायला हवं होतं?" असं विचारलं, तेव्हा तिने चेन ओढून बॅग बंद केली.

पावसाळ्याआधी यंत्र पुन्हा शिकून तयार झालं. आता ते वेळ लावत असे. एकेका जागी सात-सात मिनिटं घुटमळे. जुन्या चाचणीत त्याचे गुण घसरले आणि कंपनीच्या लोकांनी कुरकुर केली. सान्यालांनी मात्र एक नवा नियम काढला, की यंत्राने इशारा दिला की हेलिकॉप्टर लगेच गेलं पाहिजे. बाबल खोबरेकरांनी हेमांगीला बाजारात गाठून बांगडे दिले, पैसे घेतले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी सुधन्वाचा फोन आला. दोन महिने त्यांचं बोलणं नव्हतं.

"हेमा, आज गोळीबार होता. अंबरनेत्राने थांबवला. हेलिकॉप्टर गेलं. होडी होती. चार माणसं, त्यात एक लहान मुलगी." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "अगदी मध्यावर होती, हेमा. मध्यावर."

हेमांगी खुर्चीत बसली. "सुखरूप आहेत?"

"आहेत. किनाऱ्यावर आणलं." त्याने पुढे विचारलं, "विशाखाला सांगशील?"

आत कुठेतरी निवत चाललेला राग पुन्हा उसळून वर आला.

"मी का? तिला खोटी ठरवलंस ते तू. तूच सांग."

"तिला काय म्हणू मी?"

"तेही मीच सांगू?" हेमांगी म्हणाली. "पंधरा वर्षं होती तुला विचार करायला."

तिने फोन ठेवला. पाच मिनिटांनी, राहवेना म्हणून, तिने वाशिमला फोन लावून पाहिला. विशाखाचा नंबर व्यस्त होता. अर्ध्या तासाने लावला, तेव्हाही व्यस्तच होता.